तीन शाली आणि एक अर्ज

आमच्या वाचनालयानं भूपाल मगदूमांना तीन शाली दिल्या. तिन्ही मी कार्यवाह असताना. प्रत्येक शालीबरोबर एक नारळ, एक फेटा आणि चौकटीत बसवलेलं एक मानपत्र. तिन्ही मानपत्रं मीच लिहिली. पेठेतले लोक अजून म्हणतात, सरांनी मगदूमांवर काय सुंदर लिहिलं होतं. ते ऐकलं की मी विषय बदलतो.

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि दुसऱ्याच आठवड्यात वाचनालयाचा कार्यवाह झालो. पेन्शन सुरू झालेल्या माणसाला आमच्याकडं असं कुठंतरी बसवतातच. मगदूम तिथं माझ्या आधीपासून होते. शिपाई, ग्रंथपालांचे मदतनीस, बाइंडर आणि राखणदार, सगळं एकाच पगारात. राहायला शहराबाहेर, गडमुडशिंगी गावात. उंच, सडसडीत, डोक्यावर पांढरी टोपी आणि कानावर तांबडी पेन्सिल. ती पेन्सिल पडलेली मी कधी पाहिली नाही.

सकाळी साडेसातला ते दार उघडायचे तेव्हा पायरीवर आम्ही पाच-सहा पेन्शनर ताटकळत असायचो. एका वर्तमानपत्रावर दोघांनी हात टाकला की मगदूम ते काठीतून सोडवायचे, आतलं पान एकाला द्यायचे आणि बाहेरचं दुसऱ्याला. "दोघं बी वाचा की. बातमी कुठं पळून चाललीया?" पुस्तक परत न करणाऱ्यांच्या घरी ते सायकलवरून जायचे. दंडाचं नाव काढायचे नाहीत. दारात उभं राहून म्हणायचे, "पावणं, पुस्तक न्ह्यायला आलोय. वाचून झालं नसंल तर थांबतो, ऱ्हायलेली पानं वाचून घ्या." एका वकिलांच्या ओसरीवर ते खरोखरच पाऊण तास बसले होते. वकिलांनी शेवटची चाळीस पानं वाचली आणि मग पुस्तक दिलं. पुढं तेच वकील आमचे आजीव सभासद झाले.

मगदूम जैन. दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचे नाहीत. वाचनालय आठला बंद व्हायचं, त्यामुळं संध्याकाळचं जेवण मागच्या बाइंडिंगच्या खोलीत. तिथं पश्चिमेला एक खिडकी आहे. तिच्यातलं ऊन तिसऱ्या कपाटाच्या काचेवर आलं की ते हात धुवायचे. घड्याळ बघायचे नाहीत. कोण मोठा माणूस आला असला तरी त्याला म्हणायचे, "बसा, दोन घास खाऊन आलो," आणि जायचे. आठला कुलूप लावून, रिकामा डबा सायकलच्या हँडलला अडकवून ते निघाले की आमच्या बोळातल्या खड्ड्यांत डब्याची झाकणं खडखडायची. तो आवाज आला की समोरच्या किराणावाल्याची बायको कुकर लावायची.

त्या खोलीत निवांत असायचं म्हणून मीही कधी कधी टिपणं काढायला तिथं बसायचो. त्यामुळं त्यांच्या डब्यात काय असतं ते मला ठाऊक होतं. सुरुवातीला भाकरी, भाजी, आमटी आणि छोट्या डबीत दही. मग दही दिसेनासं झालं. मग आमटी आठवड्यातून दोनदा, मग सणाला. एकदा मी विचारलं, "मगदूम, डाळ कुठं गेली हो?"

"रुसलीया," ते म्हणाले. "शंभराच्या पुढं गेल्यापास्नं ती आमच्याकडं बघत न्हाय."

मी हसलो. तेही हसले. हे मी बाहेर जाऊन चार जणांना विनोद म्हणून सांगितलंसुद्धा.

आधी ते बसनं यायचे. भाडं वाढल्यावर सायकल काढली. जाऊन येऊन पंधरा-सोळा किलोमीटर, तेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. आम्ही कट्ट्यावर म्हणायचो, मगदूमांनी तब्येत काय राखलीय बघा. डब्याबद्दल मी त्यांना विचारलं होतं, सायकलबद्दल मात्र कधी विचारलं नाही. मला वाटायचं मला उत्तर माहीत आहे.

त्यांच्या हातचं बाइंडिंग बघायला लांबून लोक यायचे. मैद्याची खळ करायची, तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे पानं खाणारी कसर लागत नाही. फाटलेल्या पानाला खळ लावताना ते एका बोटानं इतक्या हळू सारवायचे की बघणाऱ्याचा श्वास मंद व्हायचा. एका दुपारी मी पाहिलं, खळीच्या पातेल्याशेजारी कणकेचा डबा.

"ही कुठली?"

"घरची हाय सर. मैदा संपलाय गेल्या म्हैन्यात. मंजुरी यायला येळ लागतोय, तवर पुस्तकं कशी ठेवायची तशीच? मैद्यागत चिकटत न्हाय, पण भागतंय."

मंजुरी माझ्या सहीनं यायची होती. मी "बघतो" म्हणालो. आणि खरंच बघितलं, तीन आठवड्यांनी. तोवर त्यांच्या घरातल्या किती चपात्या आमच्या ग्रंथसंपदेच्या पाठीला लागल्या कोण जाणे. पुढच्या मानपत्रात मी लिहिलं, "आपल्या घासातला घास ज्यांनी पुस्तकांना भरवला." या वाक्याला टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या आवडल्या होत्या.

कानावरच्या तांबड्या पेन्सिलीचं काम काय, ते सांगायचं राहिलं. मगदूम रोज वाचनालय उघडण्याआधी सगळी वर्तमानपत्रं चाळायचे आणि ज्याच्या-त्याच्या कामाच्या बातमीवर खूण करायचे. उसाच्या दराची बातमी पाटलांना, कुस्तीची शेजारच्या तालमीतल्या वस्तादांना आणि महागाई भत्त्याची आम्हाला. वर्षातून दोनदा ते काठीसकट पेपर माझ्यासमोर आणून ठेवायचे. "सर, तुमची बातमी आलीया." तांबड्या चौकटीत आमचा वाढलेला भत्ता.

एकदा भत्ता जाहीर झाला पण मागच्या महिन्यांचा फरक काही जमा होईना. मी तिथंच, त्यांच्या देखत, फणकारलो. म्हणालो, महागाईनं जीव नकोसा केलाय, तेलाचे भाव बघा, गॅस बघा, आणि सरकार आमचा हक्काचा फरक दाबून बसलंय, माणसानं जगायचं कसं. बोलता बोलता मी त्यांच्याकडंच वळलो. "काय हो मगदूम, खरं की नाही?"

त्यांचा पगार तेव्हा पाच हजार आठशे होता. अकरा वर्षं तोच होता. निवृत्तीनंतर माझ्या पेन्शनीत झालेली नुसती वाढच त्याच्यापेक्षा जास्त होती.

"व्हय सर," ते म्हणाले. "लई महाग झालंय."

आणि पेन्सिल कानावर ठेवून ते झाडू घ्यायला गेले. त्यांच्या आवाजात काही खोच असती तर मी त्या दिवशीच शहाणा झालो असतो. पण त्या माणसाच्या बोलण्यात खोच नसायचीच. ते अगदी मनापासून माझ्या दुःखात सामील झाले होते. हे आठवलं की आजही मला खाली बघावंसं वाटतं, घरात कोणी नसलं तरी.

त्यांनी पगारवाढ एकदाच मागितली. मुलगी सुजाता बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि तिला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. फी महिन्याभरात भरायची होती. वाचनालयाच्याच कोऱ्या कागदावर, उभी रेघ मारून समास सोडून, त्यांनी अर्ज लिहिला. महिना दोन हजार वाढवून मिळावेत. पगार वाढला तर पतसंस्था कर्ज देईल असं तिथल्या मॅनेजरनं सांगितलंय, हेही त्यात होतं. शेवटी "आपला विश्वासू." अर्ज माझ्या हातात देताना ते पहिल्यांदाच अडखळले. "सर, तुम्ही बोलला तर हुईल. तुमचा शब्द कोण मोडत न्हाय."

हे खरं होतं. म्हणूनच पुढचं सांगताना लाज वाटते.

बैठकीत मी अर्ज वाचून दाखवला. मग खजिनदार म्हणाले, "अनुदान हाय तेवढंच हाय. पगार कुठनं वाढवायचा?" एक जण म्हणाले, एकाला वाढवला की ग्रंथपालबाईही मागणार. अध्यक्ष सिमेंट-सळईचे व्यापारी, दिलदार माणूस, कोणाच्याही लग्नात आहेर करताना हात आखडता न घेणारा. ते म्हणाले, "मगदूम म्हंजे घरचा माणूस. घरच्या माणसाचा हिशेब करताय व्हय? त्यापेक्षा वर्धापनदिनाला त्याचा जंगी सत्कार करूया की. सगळ्या पेठेला कळू दे माणूस काय हाय त्ये."

सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. आमच्या पेठेत हे असंच चालतं. कोणाचं काही देणं मनाला टोचायला लागलं की आम्ही त्याला फेटा बांधतो. आणि त्यात लबाडी नसते, हीच खरी अडचण. खोलीतल्या प्रत्येकाला त्या क्षणी मगदूमांबद्दल भरून आलं होतं.

अध्यक्ष माझ्याकडं वळले. "सर, मानपत्र तुमच्याकडं."

मी बोलायला हवं होतं. मंडप, पाहुण्यांचं येणं-जाणं, जेवण या सगळ्यात त्यांची वर्षाची वाढ सहज निघाली असती, हे मला तिथं बसल्या-बसल्या दिसत होतं. पण खरं सांगतो, मला त्या क्षणी आनंद झाला. मानपत्राचं पहिलं वाक्य माझ्या डोक्यात तयारसुद्धा झालं होतं.

या तिसऱ्या सत्काराच्या दिवशी पाहुण्यांना फेटे बांधायला माणूस ठरवला होता, तो आलाच नाही. मगदूमांना फेटा सुरेख बांधता यायचा. एरवी आमच्या प्रत्येक कार्यक्रमात तेच बांधायचे. तेव्हाही त्यांनीच बांधले. अध्यक्षांना, पाहुण्यांना, मला. शेवटी स्वतःचा राहिला. तो त्यांनी कपाटाच्या काचेत बघून, एक टोक दातात धरून, स्वतःच बांधला आणि मग व्यासपीठावर येऊन सत्कारमूर्तीच्या खुर्चीत बसले.

मी मानपत्र वाचलं. सायकलवरून येणाऱ्या माणसाला मी "निरोगी जीवनाचा चालताबोलता आदर्श" म्हटलं. डब्यातून डाळ गेलेल्या माणसाला "मिताहारी" म्हटलं. अकरा वर्षं एकाच पगारावर राहिलेल्याला "निरपेक्ष" आणि "अल्पसंतुष्ट" म्हटलं. त्यांच्या घरातली एकेक वस्तू कमी होत गेली, ती मी एकेक करून त्यांच्या गुणांत जमा केली. हे मी जाणूनबुजून केलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण मी मराठी शिकवणारा माणूस आहे. कुठला शब्द कशावर पांघरूण घालतो हे मला कळत नाही, असं कसं म्हणू?

सत्काराला उत्तर देताना ते एवढंच म्हणाले, "सरांनी लई चांगलं लिवलंय. सगळ्यांनी जेवून जावा."

जेवण होतं पांढरा-तांबडा रस्सा आणि मटण, रात्री नऊला. ज्याचा सत्कार, तो मांसाहार करत नाही आणि अंधार पडल्यावर जेवत नाही, हे आमच्यापैकी प्रत्येकाला माहीत होतं आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. मगदूम फेट्यासकट पंगतीत पाणी वाढत फिरले. माझ्या वाटीत रस्सा संपलेला पाहून त्यांनी वाढप्याला हाक मारली. "सरांकडं बघ की रं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर काठीला लावता लावता त्यांनी विचारलं, "सर, अर्जाचं काय झालं?"

मी म्हणालो, "बघू. पुढच्या बैठकीत घेऊ."

"फीची तारीक ह्या म्हैन्याची हाय."

"घाई करून चालत नाही, मगदूम. संस्था आहे."

ते "बरं" म्हणाले. पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर अर्ज नव्हता. विषयपत्रिका मी काढायचो. सुजाता एका कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालायला लागली. हे मला माझ्या बायकोकडून कळलं. ती त्या दुकानातून साडी घेऊन आली आणि म्हणाली, "मगदूमांची लेक आहे तिथं. हुशार दिसते. नर्सिंगला जायची होती म्हणे, काय झालं हो?" मी म्हणालो, मला काय ठाऊक.

वर्षभरानं मगदूमांनी काम सोडलं. चाव्या माझ्या टेबलावर ठेवल्या, एकेक दाखवून. ही पुढची, ही कपाटांची, ही जरा उलटी फिरवाय लागती. मी चौकशी केली तेव्हा म्हणाले, फेटे बांधणाऱ्या एका मंडपवाल्याकडं जातोय. मी निरोप समारंभाचं काढलं. त्यांनी पहिल्यांदाच हात जोडले. "नको सर. आता शाल नको."

जाताना तिन्ही मानपत्रं त्यांनी बाइंडिंगच्या खोलीत ठेवली, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून. "घरात भिंती पत्र्याच्या हायत. खिळा धरत न्हाय." ती अजून तिथंच आहेत. तो गठ्ठा उघडायचं धाडस मला झालेलं नाही.

नंतर पाच-सहा वर्षं ते दिसले नाहीत. गेल्या हिवाळ्यात माझी पंचाहत्तरी झाली आणि वाचनालयानं माझा सत्कार ठरवला. नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. कार्यक्रम साडेसहाला. साडेपाचला मी मंगळवार पेठेतल्या एका हॉलवर पोचलो तर मागच्या खोलीत मगदूम पाहुण्यांना फेटे बांधत होते. टोपीखालचे केस पांढरे झाले होते. कानावर पेन्सिल नव्हती. कोपऱ्यात खुंटीला डब्याची पिशवी.

माझा नंबर शेवटी आला. ते मागं उभे राहिले. "मान सरळ ठेवा सर."

"बरं चाललंय का, मगदूम?"

"चाललंय की. लग्नसराईत दिवसाला साठ-सत्तर डोकी हुत्यात."

"मिळतं किती?"

"डोक्यामागं चाळीस. गेल्या साली तीस हुतं." त्यांनी पहिला वेढा घट्ट ओढला. "हितं वाढतंय सर. मागाय लागत न्हाय."

मी आरशात त्यांचा चेहरा बघितला. नेहमीसारखाच, साधा. मी सुजाताचं विचारलं. "हाय की त्याच दुकानात. आता गल्ल्यावर बसवलंय तिला." बाहेर हॉलमध्ये निवेदक माईकवर माझ्या मानपत्राची तालीम करत होता. कर्मचाऱ्यांना ज्यांनी कुटुंबीय मानलं, असं एक वाक्य भिंतीतून स्पष्ट ऐकू आलं. दोनदा आलं, कारण पहिल्यांदा तो अडखळला. मगदूमांचे हात थांबले नाहीत.

फेटा झाला. खिडकीतून आलेलं ऊन समोरच्या भिंतीवर अगदी वर, छताजवळ चढलं होतं. मगदूमांनी एकदा तिकडं पाहिलं आणि मग खुंटीवरच्या पिशवीकडं. मी हे पाहिलं. मला त्यांचा नियमही आठवला. विसरलो होतो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

पण फोटोग्राफर आला होता, आणि मला आरशात तुरा उजवीकडं जरा बसका वाटत होता. मी म्हणालो, "मगदूम, हा तुरा नीट नाही वाटत."

"घेतो की परत," ते म्हणाले.

त्यांनी फेटा सगळा सोडला, लांबच्या लांब कापड पुन्हा चुण्या करून हातावर घेतलं आणि पहिल्या वेढ्यापासून बांधायला सुरुवात केली. हळू, एका बोटानं चुणी दाबत, पानाला खळ लावावी तसं. मी मान सरळ धरून बसलो. ते संपेपर्यंत भिंत राखाडी झाली होती.

प्रमुख पाहुण्यांच्या स्वागताला मी फाटकापाशी गेलो तेव्हा मगदूम बाजूच्या पायरीवर बसले होते. डबा मांडीवर, झाकण लावलेलं. समोरच्या पत्र्यांवरच्या आकाशाकडं ते बघत होते. तिथं उजेड उरला नव्हता आणि रस्त्यावरचे दिवे लागले होते. त्यांनी डबा पिशवीत ठेवला आणि उठले.

"जेवला नाहीत?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या सर. सकाळी खातो की." मग माझ्या डोक्याकडं बघून म्हणाले, "आता झ्याक बसलाय. पडायचा न्हाय."

त्यांनी पिशवी हँडलला अडकवली, फेट्यांची पेटी मागं बांधली आणि सायकलवर टांग टाकली. आत कोणीतरी माझं नाव पुकारत होतं. मी फाटकात तसाच उभा राहिलो. वळणाआधी रस्ता उकरलेला होता, सायकल त्या खड्ड्यांतून गेली. भरलेला डबा वाजला नाही.